सगळं येतं, पण बसायचं कुठं?

24 एप्रिल 2020. कडक लॉकडाऊन. पहाटे साडेपाचला फोन वाजला आणि पोटात गोळाच आला. त्या दिवसांत अवेळी वाजणारा फोन म्हणजे वाईट बातमीच! स्क्रीनवर दादाचं नाव. दादा म्हणजे माझा मावसभाऊ, राहणार फिनिक्स, ऍरिझोना.

"अगं झोपलीयेस काय? ऊठ! ड्राफ्ट सुरू होतोय!"

आता दादाचं हे फुटबॉल म्हणजे मेस्सी-रोनाल्डोवालं नाही. हे अमेरिकन फुटबॉल. हेल्मेट, अंडाकृती बॉल आणि एकमेकांवर ट्रकसारखी धडकणारी माणसं. दादा तिकडे गेला तेव्हा क्रिकेटशिवाय काही बघायचा नाही. दोन सीझनमध्ये बाटला! ऍरिझोना कार्डिनल्स ही त्याची टीम, आणि ती हरली की सोमवारी त्याला ऑफिसात करमत नाही.

नोकरीबिकरी नव्हती, बाहेर जायची सोय नव्हती. म्हटलं, बघूया. लॅपटॉप उघडला. त्या वर्षी सगळा ड्राफ्ट ऑनलाइन होता. लीगचा कमिशनर रॉजर गुडेल स्वतःच्या घराच्या बेसमेंटमध्ये बसून एकेक नाव वाचत होता आणि पोरं आपापल्या घरी सोफ्यावर आईबाबांच्या मधे बसून ऐकत होती. म्हणजे जगात सगळीकडे सेमच चाललं होतं तर!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी फंडा क्लिअर करते. 32 टीम्स, 7 राउंड. गेल्या सीझनला जी टीम सगळ्यात ढ, तिचा नंबर पहिला. कॉलेजमधून बाहेर पडणाऱ्या पोरांतून एकेकाला उचलायचं. आयपीएलसारखी बोली नाही. ज्या टीमने तुमचं नाव घेतलं तिच्या गावाला जायचं, आणि पगारही तुम्ही कितव्या नंबरवर गेलात त्यावर जवळजवळ ठरलेला. थोडक्यात, स्थळ तुम्ही निवडायचं नाही. स्थळाने तुम्हाला निवडायचं.

आणि त्याआधी कांदेपोहे! फेब्रुवारीच्या शेवटाला, मार्चच्या सुरुवातीला इंडियानापोलिसमध्ये ‘कम्बाइन’ नावाचा सोहळा असतो. तिथे तीनशेच्या वर पोरांची उंची, वजन, हाताची लांबी मोजतात. 40 यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर पळायला लावतात. उड्या मारायला लावतात. मग बंद खोलीत इंटरव्ह्यू. चहाचा ट्रे तेवढा हातात देत नाहीत.

दादा त्या सकाळी एकाच नावाची वाट बघत होता. आयझेया सिमन्स.

"खेळतो कुठे?" मी विचारलं.

"सगळीकडे," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात जावई मिळाल्याचा आनंद होता.

आठव्या नंबरवर कार्डिनल्सनी खरंच सिमन्सला उचललं. दादा घरात नाचला. लगेच त्याने 48 नंबरची जर्सीपण मागवली. या जर्सीची गोष्ट पुढे येईल.

सगळीकडे म्हणजे कुठे?

डिफेन्समध्ये 11 जण असतात. पुढे आडदांड लाइन. त्यांचं काम समोरच्या भिंतीला भिडायचं. त्यांच्या मागे लाइनबॅकर, घरातल्या मधल्या भावासारखे. पुढचंही निस्तरायचं, मागचंही. सगळ्यात मागे कॉर्नरबॅक आणि सेफ्टी, लांबच्या पासवर पहारा देणारे. साधा हिशोब असा की पुढे वजन लागतं, मागे वेग.

समोरची टीम काय करते? डिफेन्समधला जोड जिथे कच्चा आहे तिथे बोट घालते. लाइनबॅकर जाडा आहे? चपळ माणूस त्याच्या अंगावर सोडा. कॉर्नर बुटका आहे? सहा फूट पाच इंचाचा गडी त्याच्यासमोर उभा करा. आजकाल पास प्रचंड वाढलेत. त्यामुळे हे असले बेमेळ जोड लावणं हाच अर्ध्या कोचेसचा धंदा झालाय.

आता असा एक माणूस कल्पा, की जो लाइनबॅकरएवढा दांडगा आणि कॉर्नरएवढा वेगवान आहे. त्याला कुठेही उभा करा, जोड कच्चा पडतच नाही. वर समोरच्याला कळतही नाही की हा आता अंगावर येणार की मागे पळणार. बॉस, हे डिफेन्सवाल्यांचं स्वप्न आहे.

सिमन्स हुबेहूब तसाच. उंची जवळजवळ सहा फूट चार इंच, वजन 238 पाउंड, म्हणजे 108 किलो. आणि कम्बाइनला 40 यार्ड पळाला 4.39 सेकंदांत! क्लेम्सन युनिव्हर्सिटीकडून 2019 च्या एकाच सीझनमध्ये चार वेगवेगळ्या जागांवर प्रत्येकी शंभराहून जास्त वेळा उभा राहिला. कधी लाइनबॅकर, कधी सेफ्टी, कधी रिसीव्हरला चिकटलेला, कधी थेट क्वार्टरबॅकच्या अंगावर. देशातल्या सर्वोत्तम लाइनबॅकरला देतात ते बट्कस अवॉर्डही त्यालाच. 28 डिसेंबर 2019 ला ओहायो स्टेटविरुद्धच्या सेमीफायनलमध्ये त्याने जस्टिन फील्ड्सचा पास उडवला, तो पार मागे सेफ्टीच्या जागेवरून. ती मॅच झाली फिनिक्सजवळच्या ग्लेनडेलला, म्हणजे कार्डिनल्सच्याच मैदानावर. दादा स्टेडियममध्ये होता. प्रेम तिथेच जमलं.

कम्बाइनला पत्रकारांनी सिमन्सला विचारलं, तुझी पोझिशन कुठली? त्याचं उत्तर होतं, ‘डिफेन्स’. सगळे खूश! काय आत्मविश्वास, काय स्टाइल!

मीही खूश. कारण तेव्हा माझ्या रेझ्युमेवर मास कॉमच्या डिग्रीखाली पहिलाच शब्द होता ‘व्हर्सटाइल’. लिहिते, शूट करते, एडिट करते, अँकरिंग करते, पोस्टर बनवते. वय आमचं दोघांचं जवळपास सारखंच. त्या सकाळी वाटलं, जमाना आपलाच आहे.

मग काय झालं?

13 सप्टेंबर 2020. कार्डिनल्सची सीझनमधली पहिली मॅच, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध. रहीम मोस्टर्ट नावाच्या रनिंग बॅकने एक छोटासा पास घेतला आणि तो 76 यार्ड पळत सुटला. थेट टचडाउन. त्याला धरायची जबाबदारी सिमन्सवर होती. एवढा वेगवान माणूस, पण निघायलाच उशीर. पायात वेग होता, निर्णयात नव्हता.

इथे खरी गंमत आहे. लाइनबॅकरने बघायचं काय? समोरच्या लाइनमधले गार्ड कुठे सरकतायत ते. त्यावरून अर्ध्या सेकंदात ओळखायचं की रन आहे की पास, आणि मग अंगावर येणारा दीडशे किलोचा माणूस चुकवून आत घुसायचं. सेफ्टी बारा-पंधरा यार्ड मागे उभा. त्याला आख्खं मैदान दिसतं, त्याने क्वार्टरबॅकचे डोळे वाचायचे. रिसीव्हरला चिकटलेल्याने तर बॉलकडे बघायचंच नाही, समोरच्याच्या कमरेकडे बघायचं, कारण खांदे खोटं बोलतात, कंबर नाही. म्हणजे जागा बदलली की नुसते पाय नाही, डोळे बदलावे लागतात. आणि डोळे सरावानेच तयार होतात. एकाच जागेवर, हजार वेळा.

सिमन्सला नेमका तोच सराव मिळाला नाही. 2020 मध्ये कोरोनामुळे उन्हाळ्यातली शिबिरं व्हिडिओ कॉलवर आणि सरावाच्या मॅचेस सगळ्या रद्द. सांगितलं की तू आमचा लाइनबॅकर. पहिल्या वर्षी मोजक्याच वेळा मैदानावर सोडलं. चमक दिसायची हं! त्याच ऑक्टोबरमध्ये सिऍटलविरुद्ध ओव्हरटाइमला त्याने रसेल विल्सनचा पास पकडला आणि मॅच कार्डिनल्सकडे फिरली. 2021 मध्ये शंभरावर टॅकल केले. पण त्याच वर्षी टीमने पहिल्या राउंडमध्ये अजून एक लाइनबॅकर उचलला. 2022 मध्ये याला कधी इथे, कधी तिथे. 2023 मध्ये नवा हेड कोच आला, त्याने याला सेफ्टी-कॉर्नरांच्या गटात पाठवलं. आणि ऑगस्ट 2023 मध्ये न्यूयॉर्क जायंट्सना देऊन टाकलं, सातव्या राउंडच्या एका पिकच्या बदल्यात.

सातव्या राउंडच्या! आठव्या नंबरचा माणूस, तीन सीझन, आणि भंगारच्या भावाने.

दादाच्या जर्सीचं काय? सिमन्सने दुसऱ्याच वर्षी नंबर बदलून 9 घेतला. दादा म्हणतो, "माझ्या 48 नंबरलासुद्धा एक पोझिशन टिकली नाही!"

‘एक ना धड, भाराभर चिंध्या’ म्हणून आजीने निकाल लावून टाकला असता. पण मला तो अन्याय वाटतो. पोरगं तेच होतं. 4.39 तेच होते. कुणी गाळलेला प्रश्न एकच होता. ‘काय काय येतं?’ हे सगळ्यांनी विचारलं. ‘सोमवारी सकाळी नक्की काय करशील?’ हे कुणी नीट ठरवलंच नाही.

ज्याने स्वतःच विचारलं

आता दुसरा नग बघा. मिंका फिट्झपॅट्रिक. अलाबामाचा, दोन नॅशनल चॅम्पियनशिप खिशात. हाही हरहुन्नरी. 2018 मध्ये मायामी डॉल्फिन्सनी अकराव्या नंबरवर घेतला. 2019 मध्ये तिथे नवा कोच आला आणि याला चारी दिशांना फिरवायला लागला. आज इथे, उद्या तिथे. ‘तुला सगळं येतं ना, मग कर की!’ ओळखीचं वाटतंय ना वाक्य?

फिट्झपॅट्रिक तेव्हा 22 वर्षांचा. त्याने काय करावं? ट्रेड मागितला! म्हणजे सरळ म्हणाला, दुसरीकडे पाठवा. सप्टेंबर 2019 मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सनी त्याच्यासाठी पहिल्या राउंडचा पिक मोजला. आणि त्याला एकच जागा दिली. मागे उभा राहा, फ्री सेफ्टी, मैदान वाच. बस! उरलेल्या 14 मॅचेसमध्ये त्याने 5 पास पकडले आणि त्याच वर्षी लीगच्या सर्वोत्तम अकरात, म्हणजे फर्स्ट टीम ऑल-प्रोमध्ये गेला. पुढे 2020 आणि 2022 मध्ये पुन्हा.

माणूस तोच. टॅलेंट तेच. फक्त खुर्ची पक्की.

मग अष्टपैलू असणं गुन्हा आहे का?

अजिबात नाही. त्यासाठी तिसरा. काइल हॅमिल्टन, नोत्र दाम युनिव्हर्सिटीचा सेफ्टी. सिमन्ससारखाच सहा फूट चार इंच, वजन 100 किलोच्या आसपास. हाही मागे, पुढे, मधे, सगळीकडे खेळणारा. 2022 च्या ड्राफ्टआधी बरेच जण म्हणत होते, पहिल्या पाचात जाणार. मग कम्बाइनला तो 40 यार्ड 4.59 सेकंदांत पळाला. सिमन्सपेक्षा 0.20 सेकंद जास्त. झालं! कुजबुज सुरू. ‘मुलगी चांगली आहे हो, पण उंचीला जरा...’ त्यातलाच प्रकार. घसरत घसरत गडी चौदाव्या नंबरवर बाल्टिमोर रेव्हन्सकडे गेला.

रेव्हन्सनी घाई केली नाही. त्यांच्याकडे सेफ्टी होते, नुकताच एक महागडा आणलाही होता. त्यामुळे पहिल्या वर्षी हॅमिल्टनला मुख्यतः एकच काम, आतल्या बाजूच्या रिसीव्हरला सांभाळ आणि गरज पडली तर पुढे येऊन भीड. ती खुर्ची पक्की झाली. मग 2023 मध्ये दुसरी दिली, मग तिसरी. त्या सप्टेंबरमध्ये इंडियानापोलिस कोल्ट्सविरुद्ध त्याने एका मॅचमध्ये क्वार्टरबॅकला तीनदा लोळवलं. सेफ्टीने! वर्षाअखेर फर्स्ट टीम ऑल-प्रो. आणि ऑगस्ट 2025 मध्ये 4 वर्षांचा, 10 कोटी 4 लाख डॉलरचा करार, सेफ्टीसाठी तोवरचा सगळ्यात मोठा. 0.20 सेकंद कुठे गेले, कुणी विचारलंसुद्धा नाही.

आणि हो, कधीकधी सगळी हुशारी बाजूला राहते आणि नशीब काम करतं. 2021 मध्ये डॅलसने मायका पार्सन्सला लाइनबॅकर म्हणून बाराव्या नंबरवर घेतला. दुसऱ्याच मॅचच्या आठवड्यात त्यांच्या मुख्य पास रशरचं पाऊल सरावात मोडलं. नाइलाजाने पार्सन्सला पुढे क्वार्टरबॅकच्या मागावर सोडलं. पठ्ठ्याने सीझनभरात 13 सॅक केले आणि डिफेन्सिव्ह रुकी ऑफ द इयर झाला! पण नशीब लिहिता येत नाही, म्हणून ते मूल्यमापनात धरायचं नाही.

दादाचे चार प्रश्न

आता दर एप्रिलला आम्ही दोघं ड्राफ्ट एकत्र बघतो. तो तिकडे, मी इकडे चहा घेऊन. असा ‘सगळीकडे’ खेळणारा कुणी आला की दादा नाचत नाही. चार प्रश्न विचारतो.

एक, हा इतक्या ठिकाणी का खेळला? प्रत्येक ठिकाणी भारी होता म्हणून, की कोचने त्याच्यासाठी वेगळी गणितं मांडली म्हणून? सिमन्सकडे क्लेम्सनला ब्रेंट व्हेनेबल्ससारखा डिफेन्सचा वस्ताद होता. कोच सोबत पॅक होऊन येत नाही.

दोन, त्याचे डोळे कुठे तयार झालेत? घड्याळ सोडा, फिल्म बघा. बॉल सुटल्यावर तो पहिलं पाऊल कधी टाकतो, हे कुठल्या जागेवर सगळ्यात लवकर दिसतं?

तीन, सगळं बिघडलं तर तो कुठे परत जाईल? म्हणजे त्याची हक्काची खुर्ची कुठली?

चार, कुणाच्या घरी चाललाय? तिथे त्याच्यासाठी आराखडा आहे, की नुसतीच हाव?

गंमत म्हणजे यातले दोनच प्रश्न खेळाडूबद्दल आहेत. पहिला आणि चौथा त्याच्या कोचबद्दल. कांदेपोह्यांत हेच होतं ना? सगळे मुलीलाच प्रश्न विचारतात. सासर कसं आहे, हे कोण तपासतं?

आणि माझं?

मला ड्राफ्ट झाले ते 2020 च्या दिवाळीत. एका मीडिया कंपनीने ‘व्हर्सटाइल’ शब्दावर खूश होऊन घेतलं. पहिल्या महिन्यात स्क्रिप्ट, दुसऱ्यात एडिटिंग, तिसऱ्यात सोशल मीडिया. नंतर क्लायंट मीटिंग, नंतर बॉसच्या मुलीच्या शाळेचं प्रोजेक्टसुद्धा! दर वेळी पाठीवर थाप. "तुला काय, सगळं येतं!" आणि खरं सांगू? मला ती थाप आवडायची. नाही म्हणायचं मला सुचलंच नाही.

दोन वर्षांनी अप्रेझलला समोर बसून विचारलं गेलं, "तुझी कोअर स्ट्रेंथ नक्की कुठली? रेटिंग कशात द्यायचं?" माझ्यासोबत लागलेली, फक्त एडिटिंग करणारी मैत्रीण तोवर सीनियर झाली होती. मी घशात आवंढा गिळून म्हणाले, "ऑल राउंड काम करते ना..." म्हणजे ‘डिफेन्स’च की! दोन महिन्यांनी कॉस्ट कटिंगच्या यादीत माझं नाव होतं. रात्री दादाला फोन केला. म्हटलं, माझाही सातवा राउंड झाला.

दादाने सांत्वनबिंत्वन केलं नाही. त्याने तिसरा प्रश्न विचारला. "सगळं बिघडलंय ना? मग आता परत कुठे जाशील?"

उत्तर द्यायला मला तीन दिवस लागले. लिहिणं. माणसांशी बोलून लिहिणं. शूट, एडिट सगळं येतं अजून, आणि फ्रीलान्सिंगमध्ये त्याचे पैसेही मिळतात. पण ते दुसऱ्या-तिसऱ्या खुर्चीचं काम. पहिली कुठली, हे मला माहीत आहे.

तर मंडळी, मार्च-एप्रिल आला की तुमचेही कम्बाइन सुरू होतात. अप्रेझल, इंटरव्ह्यू, इंटर्नल ट्रान्स्फर. ‘काय काय येतं?’ असं कुणी विचारलं तर खुशाल सगळी यादी सांगा, लाजू नका. पण यादीतलं पहिलं नाव घेऊन थोडं थांबा. आणि समोरच्यालाही एक प्रश्न विचारा, "सोमवारी सकाळी मला कुठे बसवणार?" त्याला उत्तर देता आलं नाही, तर गडबड तुमच्यात नाही.

ता. क. : दादाची 48 नंबरची जर्सी अजून कपाटात आहे. घरातला रंग काढताना घालतो म्हणे. सध्या ती हक्काची पोझिशन झालीये!